प्रयागबाईनं विचारलंय

अरण्यविहार, थायलंड
१८ मे १९९९

ताय,

सप्रेम जयभीम. आबांना सविनय जयभीम.

तुझं पत्र मिळालं. 'अभ्यासाला गेलायस की झाडलोट करायला' असं विचारलंयस. खरं सांगू का? सध्या तरी झाडलोटच जास्त. जंगलातला विहार, पानगळ वर्षभर, त्यामुळे हातातला खराटा काही सुटत नाही. पहाटे घंटा होते. मग वंदना, ध्यान. उजाडलं की भिक्खू गावात पिंडपाताला, म्हणजे भिक्षेला, निघतात आणि आम्ही पांढऱ्या कपड्यांतले शिकाऊ त्यांच्या मागून पिशव्या धरून चालतो. जेवण दिवसातून एकदाच. भात इतका चिकट की हातात गोळा करूनच खावा लागतो. पहिले काही दिवस तुझ्या हातची तांदळाची भाकरी आठवून रडू यायचं, हसू नकोस.

दुपारी पालीचा वर्ग असतो. मुंबईत संध्याकाळचे वर्ग करून मला वाटायचं, आपल्याला पाली येते. इथले गुरुजी माझे उच्चार ऐकून पोट धरून हसतात. माणूस मोठा मायाळू आहे. मोडकं इंग्रजी बोलतात, माझंही तसलंच, त्यामुळे जमतं.

आता मुद्द्याचं. माझी इथली सोय एका वर्षापुरती आहे हे तुला माहीतच आहे. पण इथे असा रिवाज आहे की तरुण पोरं एका वर्षावासापुरती भिक्खू होतात. पावसाळ्याचे तीन महिने चीवर, मग उतरवून आपापल्या शेतावर परत. गुरुजींनी मलाही विचारलं. मी हो म्हणून टाकलं असतं, पण दीक्षेच्या वेळी भर संघात विचारतात, 'आईबापांची परवानगी आहे का?' तिथे खोटं चालत नाही. आई तर नाही. म्हणजे सगळं आबांवर आलं.

आबांना विचार. त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव. नको म्हणाले तर तसंही लिही, मी रागावणार नाही.

तुझा
सुदत्त

*

कापडे, ता. पोलादपूर
१२ जून १९९९

सुद्या,

परवानगी कसली मागतोस रे! तुझं पत्र वाचून दाखवलं नि आबा ओटीवरनं उठले ते थेट विहाराकडं चालायला लागले. लुंगीवरच! मी मागनं ओरडते, 'आबा, सदरा तरी घाला,' तर ऐकतोय कोण. अख्ख्या वाडीला सांगून आले, माझा पोरगा भंते होणार म्हणून. धोंडूकाकाचं तोंड तुला माहीत हाय. तो बोलला, 'सोनबा, गेला तुझा पोरगा. आता कसला येतोय परत.' त्यावर आबा बोलले, 'गेला तर गेला, वाया तर नाय ना गेला?' मग दोघंही चहा प्यायला आपल्याकडंच. दूध नव्हतं, कोरा केला.

आता आबा सांगतात तसं लिहिते. 'मी सोनबा, राहणार कापडे, माझा मुलगा सुदत्त यास भिक्खू होण्यास राजीखुशीने परवानगी देतो. नाव राखावे. वर्षावासात विहाराची सीमा ओलांडू नये. इकडे काहीही होवो, ओलांडू नये.' शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा लिहायला सांगितलंय, मी एकदाच लिहिलं.

तुला ठाऊकच हाय, वर्षावास म्हटलं की आबांच्या अंगात येतं. इतकी वर्षं लग्न, मयताचं पुण्यानुमोदन, बारसं, गावातलं सगळं त्यांनी केलं. आजवर एकही खरा भंते ह्या वाडीत आषाढभर राहिला नाय, ही एक सल. आता घरातलाच झाला.

आबांचं विचारलंयस. बरे हायत. घसा जरा बसलाय. भात गिळायला कंटाळा करतात म्हणून पेज देते. सईदभाईची जीप महाडला चाललेली, तिच्यातनं नेऊन डॉक्टरला दाखवून आणलं. औषध दिलंय. तू तिकडं काळजी करू नको.

माझी अंगणवाडी चालू झाली. पोरं येतात, खातात, पळतात. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाला, आता पाऊस मनावर घेईल तेव्हा पेरणी.

तुझी
कुंदाताय

*

अरण्यविहार, थायलंड
१ ऑगस्ट १९९९

उपासिका कुंदाताई यांस,

मंगल आशीर्वाद.

वर्षावास सुरू होण्याच्या दोन दिवस आधी माझी दीक्षा झाली. संघात प्रश्न विचारला गेला आणि मी मोठ्याने 'होय' म्हणालो. त्या वेळी आबांचं वाक्य डोळ्यांपुढे होतं. नाव तेच राहिलं. फक्त पालीत सुदत्तो म्हणतात.

आता माझ्यावर नियम पुष्कळ आहेत. पैशाला स्पर्श नाही. दुपारनंतर अन्न नाही. स्त्रीला स्पर्श नाही, तिच्याबरोबर एकांतात बसणं नाही. स्त्रीने काही द्यायचं झालं तर आम्ही समोर एक वस्त्र पसरतो, तिने त्यावर ठेवायचं. आरंभी अवघड वाटलं. आता वाटतं, शिस्तीत सुख आहे. गृहस्थजीवनातले राग, लोभ, रडणं, हे सगळं लांबून दिसतं.

तीन महिने इथून हलायचं नाही. आबांना सांग, त्यांचा शब्द पाळतो आहे.

त्यांच्या घशाला आराम पडला असेल. आलं-मध द्यावा.

भिक्खू सुदत्तो

*

कापडे
१७ ऑगस्ट १९९९

उपासिका?

अरे मेल्या, तुझा शेंबूड ह्या पदरानं पुसलाय मी. आई गेली तेव्हा दीड वर्षाचा होतास, कडेवर घेऊन शाळेत जायची मी तुला, बाई वर्गाबाहेर काढायच्या दोघांना. आणि मी उपासिका! बरं, जाऊ दे. आबांचं म्हणणं, भंतेला असं बोलायचं नसतं. म्हणून माफी मागते, पण मनातनं नाय.

चीवरातला फोटो मिळाला. आबांनी तो बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलाय. डोकं भादरल्यावर तुझे कान केवढे दिसतात रे.

विहारात ग्रंथवाचन चालू हाय. यंदा मी वाचते. आबा समोर बसतात नि मी चुकली की काठी आपटतात. एक शब्द बोलत नायत, नुसती काठी. बायका हसतात. लावणी उरकली, माणसं लावून केली. नदी दोनदा पुलाला लागली.

आणि हां, एक विचारायचं राहिलं. शेजारची प्रयागबाई सारखं डोकं खाते. तिचं म्हणणं, समजा तिकडं एखाद्या भंतेचा बाप नायतर आई फार आजारी झाली, तर वर्षावासात काय करतात? त्याला जाता येतं का नाय? आबा सांगतात, नाय म्हणजे नाय, गेला तर वर्षावास मोडला, सगळं वाया. पण तिला तुझ्याकडूनच ऐकायचं हाय. बाई हट्टालाच पेटलीय. तेवढं लगेच लिही, सुद्या. बाकीचं राहिलं तरी चालेल, पण एवढं लिही. लगेच.

कुंदाताय

*

अरण्यविहार, थायलंड
४ सप्टेंबर १९९९

उपासिका (रागाव हवं तर) कुंदाताई,

तुझं पत्र वाचून हसू आवरेना. भिक्खूने मोठ्याने हसू नये असाही नियम आहे, तो मोडला.

प्रयागबाईला इतकी चिंता कशाची पडली? तिचा भरत तर पुण्याला कारखान्यात आहे, तो कधी भिक्खू व्हायचा! पण प्रश्न चांगला आहे म्हणून नीट उत्तर देतो. तिला वाचून दाखव.

जाता येतं. आईबाप आजारी असतील तर वर्षावासातसुद्धा भिक्खूने जावं, अशी मुभा खुद्द भगवंतांनी दिली आहे. नुसतीच मुभा नव्हे. बोलावणं आलं नाही, पण कानावर आलं, तरी जावं असं विनयात, भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, स्पष्ट आहे. अट एकच, सात दिवसांच्या आत परत यायचं. मग वर्षावास मोडत नाही. परवाच आमच्यातला एक भिक्खू बापाच्या आजारपणाला घरी जाऊन आला. स्वतः पेज भरवली म्हणे बापाला.

तेव्हा आबांना सांग, ह्या एका बाबतीत तुमचं चुकलं! इतकी वर्षं लोकांना अर्धाच नियम सांगत आलात. चिडव जरा त्यांना माझ्या नावाने.

तू ग्रंथ वाचतेस हे ऐकून फार बरं वाटलं. आबांनी आपली जागा मुलीला दिली, हा केवढा बदल! एरवी माईक दुसऱ्याच्या हाती जाऊ द्यायचे नाहीत. माणूस म्हातारपणी असा मोकळा होत जातो, हे बघायला मी तिथे हवा होतो.

भिक्खू सुदत्तो

*

तार
पोलादपूर, १८ सप्टेंबर १९९९

आबा अत्यवस्थ. सात दिवसांसाठी ये. कुंदा.

*

कापडे
२ ऑक्टोबर १९९९

सुदत्त,

तू जाऊन आठवडा होत आला. आलास, चार दिवस राहिलास, गेलास, आणि तुझ्याशी मी एक शब्द धड बोलली नाय. एकटा सापडशील म्हणून बघत राहिली. पण तुला बाईमाणसाजवळ एकटं बसता येत नाय. सख्ख्या बहिणीजवळसुद्धा नाय. सदा धोंडूकाका नायतर वाडीतला महिपत तुझ्या बाजूला राखणीला. त्यांच्यासमोर काय बोलू? म्हणून लिहिते.

प्रयागबाईनं काही विचारलं नव्हतं. मीच विचारलं.

आबांच्या घशात गाठ होती. जूनमध्येच कळलं. महाडचा डॉक्टर बोलला, मुंबईला न्या. नेलं. तिथं बोलले, उशीर झाला. परत येताना गाडीत आबांनी माझा हात धरला नि बोलले, पोराला कळवायचं नाय. घरी आल्यावर बुद्धमूर्तीसमोर बसवून वदवून घेतलं माझ्याकडून. मी बोलली, 'आबा, खोटं बोलायचं नाय हेपण शीलच हाय ना?' तर बोलले, 'न सांगणं म्हणजे खोटं नव्हं गो. कळलं तर तो निघून येईल. वर्षावास मोडेल त्याचा. माझ्यापायी मोडायला नको.'

तेव्हा तू भिक्खू झालापण नव्हतास, सुदत्त. तुझं पत्र येऊन गेलेलं, पण परवानगी लिहायला सांगितली त्याच्या चार दिवस आधीची ही गोष्ट. तेव्हाच कळवलं असतं तर तू चीवर घातलंच नसतंस. म्हणूनच त्यांनी घाई केली. विहाराकडं चालत गेले ते लिहिलं मी तुला. वाटेत दोनदा खाली बसले ते नाय लिहिलं.

ऑगस्टमध्ये आवाज गेला. म्हणून ग्रंथ मी वाचला. त्यांनी जागा बिगा काही दिली नाय मला. बोलताच येत नव्हतं, म्हणून काठी आपटायचे. तू लिहिलंस, आबा मोकळे झाले. मी ते वाचलं नि चुलीपुढं बसून रडली.

मला वचन मोडता येईना आणि गप्प बसवेना. म्हणून प्रयागबाईचं नाव घातलं. वाटलं, इतका शिकलाय, एवढा अक्षरांचा कीस पाडतो, त्याला कळेल. 'लगेच' दोनदा लिहिलं, ते तरी खटकेल. तुला हसू आलं.

तुझं उत्तर आलं तेव्हा आबा पाणीसुद्धा चमच्यानं घेत होते. मी वाचून दाखवलं, तू चिडव बोललास तेपण वाचलं. त्यांनी खुणेनं सांगितलं, परत वाच. परत वाचलं. मग पाटी मागितली. अंगणवाडीतली एक पाटी त्यांच्या उशाशी ठेवलेली, तिच्यावर लिहायचे. लिहिलं, 'मी लोकांना चुकीचं सांगितलं.' मी बोलली, 'जाऊ दे हो आबा.' ते पुसलं नि लिहिलं, 'मग बोलाव त्याला.' पुन्हा पाटी घेतली. 'मला बघायचाच होता गो तो.' पहिल्या दिवसापासनं बघायचा होता, सुदत्त. नियम आड होता म्हणून गप होते.

मी तशीच सईदभाईच्या जीपनं पोलादपूरला गेली नि तार केली. तुमच्या जंगलात फोन नाय, दुसरं काय करणार?

त्यानंतरचे दिवस आबा नवरदेवासारखे होते. दत्तारामला बोलावून दाढी करून घेतली. पांढरा सदरा घालायला लावला. अंथरूण ओटीवर हलवलं, रस्ता दिसावा म्हणून. आणि एक मोठी चिंता त्यांना. पाटीवर लिहून विचारलं, 'भंते आला तर उठून वंदन कसं करू?' मी बोलली, 'पोरगाच हाय तुमचा, नको वंदन.' तर रागावले. मग पडल्या पडल्या हात जोडायचा सराव केला. दोन्ही हात छातीवर आणायचे, डावा घसरायचा, परत उचलायचे. मी डावा धरून दिला की मान हलवायचे, स्वतःचं स्वतःला जमायला हवं होतं.

बावीस तारखेला दिवस मावळताना गेले. रस्त्याकडंच तोंड होतं.

आम्ही थांबलो. तू निघालास का नाय हेच ठाऊक नव्हतं, कोणाला विचारणार? दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं बोलली, पाऊस बघता आता थांबून भागणार नाय. नदीवरनं परत येत होतो तेव्हा मुंबईच्या उपासकांची गाडी वळणावर दिसली नि तू उतरलास.

मी धावली. तुला वाटलं असेल, बाई वेडी झाली. मला दिसत नव्हतं तुझं चीवर. मला आपला सुद्या दिसला, नि आता कोणाच्या तरी गळ्यात पडून रडता येईल एवढंच वाटलं. जूनपासनं मी रडली नव्हती कोणासमोर. मी हात पसरले आणि तू दोन पावलं मागं झालास. सगळ्या वाडीदेखत. मी तशीच उभी, हात तसेच. मग धोंडूकाका बोलला, 'कुंदे, भंते हायत ते, वंदन कर.' आणि मी चिखलात गुडघे टेकून तुला वंदन केलं.

दुसऱ्या दिवशी जेवण वाढलं. तू फडकं पसरलंस, मी त्याच्यावर ताट ठेवलं. तांदळाची भाकरी केलेली. तू मान खाली घालून खाल्लीस.

लोक अजून बोलतात, केवढा शांत पोरगा, बाप गेला तरी डोळ्यांत पाणी नाय, काय तेज हाय. मला विचारतात, तुला अभिमान वाटत असेल. मी हो बोलते.

भिक्खू आला, पुण्यानुमोदन झालं, सगळं नीट झालं. पण आबांचा पोरगा आला नाय आणि माझा भाऊपण आला नाय. तो कधी येणार ते मला सांग. नायतर सांगूच नको.

कुंदा

*

अरण्यविहार, थायलंड
२० ऑक्टोबर १९९९

ताय,

तुझं पत्र तीन वेळा वाचायला घेतलं आणि तीनही वेळा पाटीपर्यंत येऊन थांबलो. आज पूर्ण वाचलं.

प्रयागबाईचा प्रश्न मी हसण्यावारी नेला. तू 'लगेच' लिहिलंस, तरी मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण विनयातला तो उतारा मला हुबेहूब शोधायचा होता. उतारा सापडल्यावर केवढा आनंद झाला होता मला. भरतची थट्टा सुचली म्हणून ती घातली. तुझ्या घरात बाप आजारी आहे, हे काही सुचलं नाही.

गुरुजींना तुझं पत्र जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. मी दोन पावलं मागे झालो, तिथे त्यांनी मला थांबवलं. विचारलं, 'सख्खी बहीण?' मी हो म्हणालो. 'बाप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी?' हो. मग म्हणाले, बहिणीच्या मायेने हात लागला तर तो अगदी हलका दोष. संध्याकाळी सोबतच्या भिक्खूला सांगायचा, की संपला. असल्या हलक्या दोषांची कबुली आम्ही इथे येता-जाता देत असतो. ते म्हणाले, 'तुला ठाऊक नव्हतं?'

ठाऊक होतं, ताय. वाचलेलं होतं. मुंबईच्या गाडीत बसलो तेव्हाही ठाऊक होतं. पण तू धावत आलीस तेव्हा तुझ्या मागे अख्खी वाडी उभी होती. सोनबाचा पोरगा खरा भंते झालाय का, ते बघत होती. मला खरा दिसायचं होतं. आबांना नियम अर्धा माहीत होता म्हणून त्यांनी मला बोलावलं नाही. मला पूर्ण माहीत होता.

भाकरी मान खाली घालून खाल्ली, कारण डोळे भरले होते आणि ते कोणाला दिसू द्यायचे नव्हते. लोकांनी ज्याला तेज म्हटलं ते हे होतं.

येत्या पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्यानंतर चीवर परत करतोय. वर्ष पूर्ण करायला गुरुजी म्हणाले होते, मी नको म्हटलं. तिकिटाची सोय इथले उपासक करतायत. दिवाळीपर्यंत कापड्याला पोहोचेन. तुला मारावंसं वाटलं तर मार, बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. मी ओटीवर बसून राहीन. त्या दिवशीची मिठी राहिली ती राहिलीच, हे मला कळतं.

अजून एक आहे. हे लिहू नये असं फार वाटतंय, पण तुझ्यापासून आता काही ठेवायचं नाही. भिक्खूने गृहस्थापुढे वाकायचं नसतं, आईबापांपुढेही नाही. इथून निघाल्यापासून माझ्या डोक्यात तेवढंच घोळत होतं. आबांची तब्येत नव्हे. त्यांच्या पाया पडायचं की नाही, एवढंच. आणि मुंबईत उतरण्याआधी मी ठरवून टाकलं होतं, नाही पडायचं. उभं राहून आशीर्वाद द्यायचा. आबा जिवंत भेटले असते तर मी त्यांच्या अंथरुणापाशी तसाच ताठ उभा राहिलो असतो. आणि त्यांनी एकेक करून दोन्ही हात छातीवर आणले असते, आणि ते खूश झाले असते.

सुद्या